कॅम्डेनच्या प्रयोगगृहातील पाककृती

१९५५ साली अमेरिकेतील असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला आपल्या एका लेखासाठी अशी पाककृती हवी होती, की जी सामान्य गृहिणीला मुद्दाम बाजारात न जाता, घरात जे असेल तेवढ्यावर, अल्पावधीत सिद्ध करता यावी. आणि घरात जे असेल ते म्हणजे काय, याचा निर्णय त्या काळच्या अमेरिकी फडताळाने आधीच देऊन टाकलेला होता : फरसबी आणि क्रीम ऑफ मशरूम सूपचा डबा. ही मागणी न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन येथे असलेल्या कॅम्पबेल सूप कंपनीच्या गृहअर्थशास्त्र विभागाकडे आली, आणि त्या विभागाच्या पर्यवेक्षिका डॉर्कस राइली, माहेरच्या बेट्स, वयाने तेव्हा तिशीच्याही आत, यांनी आपल्या सहकारिणींसह तिची पूर्तता केली. त्यातून जो पदार्थ निर्माण झाला त्याला प्रारंभी ‘ग्रीन बीन बेक’ असे साधे नाव होते. पुढे ‘ग्रीन बीन कॅसरोल’ या नावाने तो थँक्सगिव्हिंगच्या पंक्तीत टर्कीच्या शेजारी मानाने जाऊन बसला, आणि आज त्या सणाच्या पानात तो नसेल तर पान अपुरे वाटावे, अशी अमेरिकेतील असंख्य कुटुंबांची भावना आहे.

पदार्थ म्हणावा तर अत्यंत साधा. शिजवलेली फरसबी, तिला लपेटून राहणारा दाट, दुधाळ, अळंबीच्या चवीचा रस्सा, आणि माथ्यावर, बिर्याणीवर आपण पसरतो तसा, तळलेल्या कुरकुरीत कांद्याचा थर. हे सर्व एका खोलगट काचपात्रात घालून ओव्हनमध्ये भाजावयाचे. परंतु एवढे साधे काही घडण्यासाठी त्यापूर्वीच्या साठ वर्षांत रसायनशास्त्र, स्त्रीशिक्षण, शेती, महायुद्ध आणि नगररचना यांपैकी प्रत्येकाला आपापला वाटा उचलावा लागला होता, आणि या लेखाचे प्रयोजन तो वाटा ज्याचा त्याला देणे हेच आहे.

कॅम्डेन हे गाव डेलावेअर नदीच्या काठी, फिलाडेल्फियाच्या समोर वसलेले. कवी वॉल्ट व्हिटमन यांनी आयुष्याची अखेरची वर्षे येथेच काढली. १८६९ साली जोसेफ कॅम्पबेल नावाचा फळांचा व्यापारी आणि अब्राहम अँडरसन नावाचा कारागीर यांनी येथे टोमॅटो, भाज्या, मुरंबे इत्यादी डब्यांत भरण्याचा कारखाना काढला. त्या कारखान्याचे भवितव्य बदलले ते १८९७ साली, जेव्हा तत्कालीन प्रमुख आर्थर डॉरन्स यांचा पुतण्या जॉन डॉरन्स, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रसायनशास्त्र शिकून आणि जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन, आठवड्याला अवघ्या साडेसात डॉलर तनख्यावर काकांच्या पदरी रुजू झाला. सूप डब्यात भरून विकण्यात अडचण एकच होती : डब्यात बहुतांश पाणी असे, आणि त्या पाण्यासाठीच पत्रा, पेट्या, रेल्वेचे भाडे आणि गुदामाची जागा यांचा सारा खर्च सोसावा लागे. डॉरन्स यांनी सूप आटीव करून भरण्याची युक्ती सिद्ध केली. ग्राहकाने घरी डबाभर पाणी घालावे, म्हणजे सूप तयार. डबा लहान झाला, किंमत १० सेंटांवर आली, आणि १८९८ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या पोशाखावरून सुचलेला लाल-पांढरा रंग त्या डब्याच्या अंगावर चढला. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात या सुपांना सुवर्णपदक मिळाले.

वाहतुकीचा खर्च वाचविण्यासाठी आटविलेल्या या सुपात एक गुण असा होता, की ज्याचा प्रारंभी फारसा विचार कोणी केला नसावा. पाणी न घालता ते तसेच वापरले, तर ते सूप राहत नाही. तो एक तयार, घट्ट, मिळून आलेला रस्सा होतो. लोणी वितळवून त्यात मैदा परतावा, मग थोडे थोडे दूध घालीत, गुठळी होऊ न देता, मंद आचेवर ते दाट करावे, हा जो फ्रेंच पाकशास्त्रातील पांढरा सॉस, तो करताना नवशिकीचा हात हमखास कापतो. क्षणभर दुर्लक्ष झाले की तळाला लागतो, घाई केली की गाठी होतात. आटीव सुपाने हा अवघड भाग कारखान्याच्या भट्टीवर नेला आणि गृहिणीच्या हाती त्याचे सिद्ध फळ दिले.

१९३४ साली, मंदीच्या ऐन कडक काळात, कंपनीने क्रीम ऑफ मशरूम सूप बाजारात आणले. त्यासाठी लागणारी अळंबी फार लांबून आणावी लागत नव्हती. कारण शेजारच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील केनेट स्क्वेअर या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काचगृहांत फुले पिकविणाऱ्या क्वेकर पंथीय बागायतदारांनी, फुलझाडांच्या बाकांखाली जी अंधारी, दमट जागा वाया जात होती तिच्यात अळंबी लावून पाहिली होती, आणि त्या उपक्रमातून तो सारा प्रदेश अळंबीचे माहेरघर बनला होता. जी वस्तू एके काळी श्रीमंतांच्या मेजावरच दिसत असे, ती अशा रीतीने डब्यात बसून मजुराच्या घरी गेली. मध्य-पश्चिमेकडील मिनेसोटा राज्यात, जेथे नॉर्वे-स्वीडनमधून आलेल्या ल्युथेरन पंथीयांची वस्ती दाट होती आणि चर्चच्या सहभोजनात प्रत्येक घराने एक भरलेले पात्र आणण्याची प्रथा होती, तेथे तर मांस, नूडल्स आणि भाज्या यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या या सुपाला लोक प्रेमाने ‘ल्युथेरन बाइंडर’ म्हणू लागले.

परंतु सूप असणे वेगळे आणि त्या सुपाचे काय करावे हे सांगणारे जाणते माणूस असणे वेगळे. हे जाणते माणूस कोठून आले, त्याची हकीकत मला या सर्व इतिहासात अधिक मोलाची वाटते, म्हणून तीत थोडे रेंगाळणे भाग आहे. ज्या मॅसॅच्युसेट्समधील संस्थेत डॉरन्स रसायनशास्त्र शिकले, त्याच संस्थेची पहिली स्त्री पदवीधर एलन स्वॅलो रिचर्ड्स ही १८७३ साली बाहेर पडली होती, आणि डॉरन्स तेथे विद्यार्थी असताना ती तेथेच आरोग्यविषयक रसायनशास्त्राची शिक्षिका होती. पाण्याच्या शुद्धतेवर तिने केलेले काम नामांकित आहे. तथापि विज्ञान शिकलेल्या स्त्रीला त्या काळी विद्यापीठांची आणि कारखान्यांची दारे बहुधा बंदच असत, हे ती स्वानुभवाने जाणत होती. तेव्हा ज्या क्षेत्रातून स्त्रीला कोणी हुसकावून लावू शकणार नाही त्या क्षेत्रातच, म्हणजे घरातच, विज्ञानाची प्रतिष्ठापना करावी, अन्न, पाणी, हवा, स्वच्छता आणि जमाखर्च यांना शास्त्राचा दर्जा द्यावा, असा विचार तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे वर्षानुवर्षे भरलेल्या परिषदांतून मांडला, आणि त्यातून गृहअर्थशास्त्र नावाची ज्ञानशाखा उदयास आली. याच काळात, १८९६ साली, बोस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर यांनी आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात ‘चिमूटभर’, ‘अंदाजाने’ या जुन्या भाषेला रजा देऊन काठोकाठ सपाट केलेला कप आणि चमचा यांचे माप रूढ केले. आजी जवळ उभी राहून सांगत नसतानाही एका प्रांतातील पदार्थ दुसऱ्या प्रांतातील अनोळखी स्त्रीच्या हातून तसाच उतरावा, ही शक्यता या मापाने प्रथम निर्माण केली; आणि हे नसते, तर डब्याच्या वेष्टनावर छापलेल्या चार ओळींवर कोट्यवधी घरांनी विश्वास ठेवलाच नसता.

या शाखेला पुढे पुष्कळ टीका सोसावी लागली. स्त्रीला चुलीशीच बांधून ठेवणारे शिक्षण, असे तिचे वर्णन झाले, आणि त्यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गृहअर्थशास्त्राची पदवी हा त्या पिढीतील हजारो स्त्रियांसाठी पगारी, स्वतंत्र आणि सन्मान्य व्यवसायाचा परवाना ठरला. डॉर्कस बेट्स हिचा जन्म २२ जुलै १९२६ रोजी न्यू जर्सीतील वुडबरी येथे झाला. फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल संस्थेतून तिने १९४७ साली गृहअर्थशास्त्राची पदवी घेतली, आणि १९४९ साली ती कॅम्पबेलच्या नोकरीत शिरली, तेव्हा त्या विभागात पूर्ण वेळ काम करणाऱ्या अवघ्या दोन स्त्रियांपैकी ती एक होती. तिचे काम स्वयंपाकिणीचे नव्हते. एखादी पाककृती निरनिराळ्या प्रमाणांत पुनःपुन्हा करून पाहणे, प्रत्येक वेळची नोंद ठेवणे, चाखणाऱ्यांचे अभिप्राय जमविणे, आणि जी कृती कोणत्याही गृहिणीच्या, कोणत्याही ओव्हनमध्ये बिघडणार नाही अशी खात्री पटेल तीच दप्तरी दाखल करणे, हे काम प्रयोगशाळेचे होते, आणि ते करणाऱ्या स्त्रियांना शास्त्रज्ञ म्हणण्यात कसलीही अतिशयोक्ती नाही.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध होऊन गेले होते. पत्रा रणभूमीकडे चालला होता, आणि १९४३ च्या मार्चपासून डबाबंद अन्नावर सरकारी नियंत्रण आले होते. निळ्या कुपनांच्या हिशेबाने डबे मोजून मिळत. ज्या वस्तूसाठी रांगेत उभे राहावे लागले तिला शांततेच्या काळात घरात भरभरून ठेवण्याची ओढ लागावी, यात नवल नाही. रणांगणावरून परतलेल्या सैनिकांनी संसार थाटले. १९४७ पासून न्यूयॉर्कनजीक लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि तशाच घरांच्या ओळी देशभर पसरल्या. त्या घरांत ओव्हन होता, शीतकपाट होते, मात्र दिवसभर हाताशी राहणारी सासू, आत्या वा मोलकरीण नव्हती. शिवाय युद्धकाळात नोकरीची चव घेतलेल्या पुष्कळ स्त्रिया कामावर टिकून राहिल्या होत्या. १९५५ हेच वर्ष कॅम्पबेलने स्वॉन्सन ही, ताटात मांडून गोठविलेली जेवणे विकणारी कंपनी खरेदी केल्याचे. म्हणजे तयार ताट आणि तयार सूप यांची मालकी एकाच वेळी एका हाती आली. तयार ताटात गृहिणीच्या हाताला काहीच काम उरत नसे. डॉर्कसच्या पाककृतीत मात्र ते उरत असे, आणि तेवढ्यामुळेच तो पदार्थ तिचा स्वतःचा राहिला, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आज जी कृती छापली जाते ती अशी : साडेदहा औंसांचा क्रीम ऑफ मशरूम सूपचा एक डबा, अर्धा कप दूध, एक चहाचा चमचा सोया सॉस, चवीपुरती मिरपूड, शिजवून चिरलेली चार कप फरसबी, आणि सव्वा कपाहून किंचित अधिक तळलेला कांदा, तोही डब्यातलाच. यांपैकी निम्मा कांदा बाकीच्या जिनसांत मिसळून पात्र ओव्हनमध्ये ३५० अंश फॅरनहाइटवर सुमारे २५ मिनिटे ठेवावयाचे. कडांशी बुडबुडे येऊ लागले की बाहेर काढून ढवळावयाचे. मग उरलेला कांदा वर पसरून पुन्हा ५ मिनिटे ओव्हनमध्ये सरकवावयाचे.

सहा जिनसा आणि दोन टप्पे. या मांडणीतील विचार पाहण्याजोगा आहे. दूध अर्धाच कप, कारण अधिक घातले तर रस्सा सैल पडून फरसबीवरून निथळून तळाशी साचेल. सोया सॉस एक चमचाच, पण आवश्यक. कारण अळंबीत जी खोल, मांसासारखी रुची निसर्गतः असते ती याच्या साथीने दुणावते, आणि मांसाचा कण नसताही पदार्थ भरदार लागतो. कांद्याची दोन वाट्यांत केलेली विभागणी तर या कृतीचा आत्माच म्हणावी. आत गेलेला कांदा रस शोषून मऊ पडतो आणि आपली गोडी रश्शाला देऊन टाकतो. वरचा कांदा शेवटची पाचच मिनिटे उष्णता घेतो, वाफ त्याला भिजवू शकत नाही, आणि तो कुरकुरीत राहतो. आधीच सर्व पसरून टाकला असता तर वरचा थर करपला असता किंवा ओलसर झाला असता. एकाच जिनसाकडून दोन परस्परविरोधी कामे करून घेणारी ही योजना ज्या मनाला सुचली, ते मन साधे असेल, पण सामान्य खचित नव्हते.

१९६० पासून ही कृती सुपाच्या डब्यावरच छापली जाऊ लागली, आणि तेव्हापासून तिचा प्रसार कोणत्याही वृत्तपत्राच्या आवाक्याबाहेर गेला. तथापि ती थँक्सगिव्हिंगशी कायमची जोडली गेली याचे कारण केवळ जाहिरात नव्हे. तो सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. उत्तरेकडील राज्यांत तेव्हा शेते थंडीने झडलेली असतात, ताजी हिरवी भाजी त्या काळी दुर्मीळ असे, आणि डब्यातील वा गोठविलेली फरसबी हीच पानातील हिरवाई असे. टर्की तासन्‌तास ओव्हन अडवून बसते. ती बाहेर काढून कापण्यापूर्वी जी अर्ध्या तासाची विश्रांती तिला द्यावी लागते, तेवढ्या अवकाशात आदल्या दिवशी भरून ठेवलेले कॅसरोल भाजून निघते. दुसऱ्याच्या घरी जावयाचे असेल तर ते पात्रासकट मोटारीतून नेता येते. मुलांना त्याचे वावडे नाही, वृद्धांच्या दातांना त्याचा त्रास नाही. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत खपणाऱ्या क्रीम ऑफ मशरूम सुपापैकी सुमारे ४० टक्के या एका पदार्थात जाते.

पाकशास्त्राच्या जाणकारांनी या पदार्थाची अवहेलना पुष्कळ केली. डब्यातून डब्यात, असे त्याचे वर्णन होते; ताज्या वस्तूंचा अवमान, खारटपणाचा अतिरेक, कारखान्याने घराच्या रुचीवर मिळविलेला विजय, असे आरोप त्याच्यावर ठेवले गेले. यांपैकी खारटपणाचा आरोप मला मान्य आहे, आणि घरोघरच्या चवी एकसारख्या होऊन गेल्याचे दुःखही खरे आहे. परंतु ताज्या वस्तूंचा आग्रह धरणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की तो आग्रह परवडण्यासाठी वेळ लागतो, आणि १९५५ सालच्या त्या नव्या वसाहतीतील गृहिणीजवळ, दोन लहान मुले पायांत घोटाळत असताना, नेमका तोच नव्हता. तिला कमीपणा न देता, ‘तुझ्याजवळ जे आहे तेवढ्यावरही तुला आपल्या माणसांसमोर अभिमानाने ठेवण्याजोगे काही करता येईल’ असा दिलासा या कृतीने दिला. अभावाच्या काळी अन्न पुरवून वाढणे ही सर्व देशांतील स्त्रियांची जुनी विद्या आहे. तिचा मान राखणारी पाककृती हिणकस कशी म्हणावी?

१९६१ साली डॉर्कस राइली यांनी मुलांच्या संगोपनासाठी नोकरी सोडली. वीस वर्षांनी, १९८१ साली, त्या त्याच कंपनीत परतल्या, पाकविभागाच्या व्यवस्थापक झाल्या आणि १९८८ मध्ये सेवानिवृत्त झाल्या. त्यांच्या विभागातून अशा शेकडो कृती बाहेर पडल्या होत्या, आणि हिरव्या फरसबीची ही कृती रचल्याचा दिवस पुढे त्यांना आठवतही नसे. दिवसाच्या कामातले ते एक काम होते. २००२ साली ओहायो राज्यातील ॲक्रन येथील राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्या मूळ कृतीचे टिपण समारंभपूर्वक ठेवण्यात आले, तेथे, जेथे एडिसन आणि बेल यांची नावे कोरलेली होती. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या पदार्थाचा हक्क त्यांनी कधी मागितला नाही, त्याच्यासाठी देशभरच्या वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहिले, हे मला मनापासून योग्य वाटते.

अलीकडे पुष्कळ घरांत ही कृती डब्यांवाचून केली जाते. फरसबीची टोके मोडून, दोन बोटे लांबीचे तुकडे करून, ते उकळत्या खारट पाण्यात पाचेक मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतात. कारण फार वेळ उष्णता आणि आम्ल यांच्या सहवासात राहिल्यास हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निसटते आणि शेंगेचा रंग डब्यातल्या फरसबीसारखा मळकट होतो. अळंबी लोण्यात मोठ्या आचेवर, तिचे पाणी संपूर्ण आटेपर्यंत परततात. त्यावर मैदा भुरभुरून तो कच्चा वास जाईतो भाजतात, मग दूध व थोडी मलई घालून रस्सा चमच्याच्या पाठीला लपेटण्याइतका दाट होऊ देतात. जायफळाचा अंश कोणी घालतो, कोणी लसूण. माथ्यासाठी कांदा कागदासारखा पातळ कापून, मीठ-मैद्यात घोळवून, थोडा थोडा करून तळून, कागदावर पसरून निववतात. चार जिनसा बदलतात, वेळ तिपटीने लागतो, आणि पदार्थ निश्चितच अधिक नाजूक होतो. पण कांद्याची निम्मी वाटणी आणि शेवटची ती पाच मिनिटे यांत फेरफार करण्याची गरज आजवर कोणाही शहाण्या स्वयंपाक्याला भासलेली नाही.